तांबड्या ठिपक्याची ताटली

आक्काबाईच्या नजरेतून नासका कांदा कधी सुटला नाही. वरून गुलाबी, चकचकीत कांदा असायचा, पण हातात घेतला की ती थांबायची, अंगठ्यानं मानेजवळ दाबायची आणि बाजूला भिरकावायची. शेतकऱ्याला वाटायचं, बाई उगाच माल बाद करतेय. मग तो कांदा कापून बघायचा आणि पुढची पाटी तिच्यापुढं ओतायचा. पाबळ-केंदूरच्या पट्ट्यात बराख फोडायची म्हटलं की शिक्रापूरहून बायांची टोळी बोलावली जायची, आणि टोळीत आक्काबाई आहे ना, हे आधी विचारलं जायचं.

बराख म्हणजे शेताच्या कडेची लांबट, जाळीची खोली. उन्हाळ्यात तिच्यात कांदा भरायचा आणि भाव येईपर्यंत ठेवायचा. श्रावण-भाद्रपदात ती फोडली की आत काय काय झालंय ते कळतं. कुठं मोड आलेला असतो, कुठं पाणी सुटलेलं असतं, आणि कुठं पापुद्र्याखाली काळी बुरशी धरलेली असते. तिला तिकडं काजळी म्हणतात. पापुद्रा उचकटला की काळी भुकटी उडते, नाकातोंडात जाते, नखांत बसते ती चार दिवस निघत नाही. आक्काबाई नव्या बायांना शिकवायची, "दया करू नगं बाई. एक काजळीचा आत ऱ्हायला, तर शेजारचं चार घिऊन जातोय. दिसला की भायेर."

हीच शिकवण पुढं तिच्या मुळावर आली.

आक्काबाई मूळची शिक्रापूरची नव्हे. तिचा संसार दौंड तालुक्यातल्या वरवंडला, बुद्धविहाराच्या मागच्या आळीत. कांदा निवडायला ती तिथंच लागली होती. नवरा ज्ञानदेव, सासू ताईबाई, एकुलता एक मुलगा सम्राट. पंच्याण्णव साली तिला टीबी झाला. दौंडच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात घरात तांबडा ठिपका आला.

ताईबाई वाईट बाई नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर बाजाराला जायची तेव्हा रस्त्यावरच्या एका हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठी कान तुटलेला कप खुंटीला अडकवलेला असायचा. आपणच घ्यायचा, आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. ही हकिकत ती दर चौदा एप्रिलला विहारापुढं बसून पोरींना सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज फाटायचा. त्याच ताईबाईनं दाराला लावायला आणलेल्या ऑइलपेंटमध्ये काडी बुडवली आणि सुनेच्या ताटलीला, वाटीला, पेल्याला बुडाशी एकेक तांबडा ठिपका दिला. ती भांडी फळीवरून उतरून मोरीजवळ गेली. कपाची आठवण घरात कुणालाच झाली नाही. आक्काबाईला झाली, पण टीबी लागतो हे तर खरंच होतं. डॉक्टरांनीच तोंडावर फडकं धरायला सांगितलं होतं, त्यामुळं भांडायला जागा नव्हती. एवढंच, की डॉक्टर ताटलीबद्दल काही बोलले नव्हते.

आठ महिन्यांनी ती बरी झाली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. वरच्या बाजूला लिंबाएवढी पोकळी होती. "ही खूण राहणार आता. राहू दे, रोग गेलाय," म्हणाले. रोग गेला, पण ताटली मोरीजवळच राहिली. बऱ्या झालेल्या माणसाची ताटली उचलून पुन्हा फळीवर ठेवावी, हे लोकांना सुचत नाही. आणि स्वतःच उचलून ठेवायला आक्काबाईचा हात धजावला नाही.

मग ताईबाई म्हातारपणानं गेली. ज्ञानदेव सोलापूर रोडला सायकलवरून येताना ट्रकखाली गेला. सम्राटला शिक्रापूरला कंपनीत काम लागलं तसं त्यानं आईला तिकडं नेलं. पत्र्याच्या चाळीतली एक खोली, बाहेर नळ, शेजारी बिहारी पोरांच्या खोल्या. सामानात ती ताटलीही आली. धडधाकट स्टीलचं भांडं टाकायचं कसं? पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ती पडून राहिली.

सम्राटचं लग्न झालं. सून मोनाली शिरूरची, दहावी झालेली, हसतमुख आणि कामाला चटपटीत. दोन हजार एकच्या शेवटाला गौतमी झाली आणि आक्काबाईचं आयुष्य फळाला आलं. खरं सांगायचं तर त्या बाईनं तोवर सुखाचं असं फारसं काही पाहिलंच नव्हतं. सकाळी पाय लांब पसरून बसायचं, पोरीला पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, कढत पाणी घालायचं. पोरगी रडून रडून दमली की आजीच्याच मांडीवर झोपायची. पहिले नऊ महिने गौतमीला जमीन अशी ठाऊकच नव्हती.

एके सकाळी पोरीला न्हाऊ घालताना आक्काबाईला ठसका लागला. तिनं तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. पोरीच्या ओल्या पाठीवर रक्ताचे दोन शिंतोडे पडले. मोनाली टॉवेल घेऊन समोरच उभी होती. तिनं पोरीला उचललं, पुन्हा पाणी घातलं आणि आत नेलं. आक्काबाई पाय पसरून तशीच बसून राहिली.

गावातल्या एका डॉक्टरानं नाडी बघितली, जुना कागद बघितला आणि टीबी उलटला म्हणून सांगून मोकळा झाला. पुन्हा गोळ्या आल्या, इंजेक्शनं आली. बेडका तपासला तर त्यात जंतू सापडेनात, तरी गोळ्या चालूच. मोनाली पोरीला घेऊन शिरूरला माहेरी गेली. जाताना तिनं पिठाच्या डब्यावरची ताटली काढून घासून ठेवली. या वेळी ठिपका द्यावा लागला नाही, तो होताच. "आत्या, राग मानू नगा. पोरगी ल्हान हाय," म्हणाली. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? आक्काबाईही म्हणाली नाही. पण पाच महिने ती त्या ताटलीत जेवली, हेही खरं.

पाच महिन्यांनीही रक्त थांबेना तेव्हा सम्राटनं रजा काढून तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मशीनमध्ये झोपवून फोटो काढले, रक्त घेतलं, बेडका घेतला आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी सम्राट कागदावर शिक्के मारून घ्यायला खाली गेला होता. डॉक्टरांपुढं आक्काबाई एकटीच होती.

"मावशी, हा टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "टीबीनं पूर्वी जी पोकळी पाडली होती ना, तिच्यात बुरशी वाढलीय. तिचा गोळा झालाय. फार थोड्यांना होतं असं. कामाला कुठं जाता?"

"कांदं निवडाया जाते, जी."

डॉक्टरांनी तिच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांना काळं होतं. "ते आजपासून बंद. कांद्यावर काळं येतं ते याच्याच भावकीतलं. टीबीच्या गोळ्याही बंद, त्यांच्यामुळं या नव्या गोळ्या लागू पडायच्या नाहीत. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला असता, पण बाकीच्या फुफ्फुसांत तेवढा दम नाही. गोळ्या रोज, जेवणाबरोबर, न चुकता. दर महिन्याला यायचं. एकदम जास्त रक्त पडलं तर मात्र वाट बघायची नाही. काही विचारायचंय?"

विचारायचं एकच होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण विचारायचं कशाला? तिचं सगळं आयुष्य बुरशी ओळखण्यात गेलं होतं. एक आत राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो, हे तिनंच किती जणींना शिकवलं होतं. एक खोली, चार माणसं. आणि डॉक्टरांच्या तोंडून ते एकदा निघालं की कागदावर येणार, कागद सम्राट वाचणार. "न्हाई जी," ती म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, बाई समजूतदार आहे.

बाहेर आल्यावर तिनं पोराला अर्धंच सांगितलं. "टीबी न्हाई म्हनलं डॉक्टर. जुन्या जखमंतनं रगात येतंय. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

सम्राट तिथंच, दवाखान्याच्या जिन्यात, भिंतीला डोकं टेकून रडला. चोवीस-पंचवीस वर्षांचा बाप्या माणूस! मग त्यानं पेढे घेतले. हातातल्या कागदावर त्या रोगाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण टीबी ही दोन अक्षरं त्यात नाहीत एवढंच त्याला बघायचं होतं. ते बघून त्यानं कागद घडी करून आईच्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोनाली पोरीला घेऊन परत आली. येताच तिनं ती ताटली उचलली, भंगारवाल्याच्या गाड्यावर नेऊन टाकली आणि वळून सासूच्या गळ्यात पडली. "आत्या, सुटलं बाई त्ये," म्हणाली. संध्याकाळी सगळी एका ओळीत जेवायला बसली. फळीवरची हाताला येईल ती ताटली, मिळेल तो पेला. आक्काबाईला भाकरी इतकी गोड लागली की तिला भीतीच वाटली.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिनं कांदे कापायच्या सुरीनं एका ताटलीच्या काठाखाली बारीक चरा ओढला. हात फिरवला तरच लागेल असा. तांबडा ठिपका सासूनं दिला होता, हा चरा तिचा तिनं दिला. त्या दिवसापासून घरातली भांडी तीच घासायची, तीच मांडायची. चऱ्याची ताटली नेमकी आपल्यापुढं येईल अशी ती काळजी घ्यायची. चाळीतल्या बाया मोनालीला म्हणायच्या, नशीबवान हायेस, सासू भांड्याला हात लावू देत न्हाई.

गौतमी आता वर्ष-सव्वा वर्षाची, धरून धरून चालणारी. आजीला ती विसरली नव्हती. पहिल्याच दिवशी ती दुडदुडत आली आणि मांडीत शिरायला लागली. आक्काबाईनं पाय जवळ घेतले. "नगं गं बाय, गुडघं दुखत्यात माझं." पोरगी पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा आक्काबाई उठून बाहेर नळावर जाऊन बसली. गुडघ्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. बसून कांदे निवडण्यात जन्म गेलेल्या बाईचे गुडघे होते ते!

पण एका खोलीत किती उठणार आणि किती बाहेर बसणार? दिवसभर पोरगी पायांत. हात पुढं करून उभी. आठव्या दिवशी आक्काबाईनं डबा भरला आणि टोळीबरोबर टेम्पोत चढली.

सम्राट चिडला. "डॉक्टरांनी आराम कर म्हनलं आसंल, आन् तू कांद्यात चाललीस?"

"टीबी न्हाई ना? मग बसून काय करू?" ती म्हणाली.

 काम बंद करण्याइतकं दुखणं आहे असं तिनं म्हटलं असतं, तर कसलं दुखणं हे आलं असतं. आणि बराखीत निदान नात नव्हती. माझ्या छातीत आहेच काजळी, आणखी ती काय करणार, असा तिचा हिशेब. डॉक्टरांनी जिथं जाऊ नको म्हणून बजावलं होतं, तिथंच ती नातीला वाचवायला रोज जात राहिली. या अडाणीपणाचा राग येतो. पण तिच्या जागी बसून बघितलं तर दुसरी वाट कोणती होती, हे मला सांगता येत नाही.

गोळ्या मात्र तिनं चुकवल्या नाहीत. भाकरीच्या घासाबरोबर रोज, ताकदीच्या म्हणून. दर महिन्याला एकटीच एसटीनं पुण्याला जायची. जायच्या आदल्या दिवशी लिंबाच्या फोडीनं नखं घासायची आणि डॉक्टरांपुढं हात पदराखाली ठेवायची.

"कांद्यात जात नाही ना?"

"न्हाई जी."

"मग गोळ्यांनी एव्हाना थोडा उतार पडायला हवा होता," म्हणत डॉक्टर फोटो उजेडाला धरायचे. गोळा तसाच होता. उलट वाढल्यासारखा वाटत होता.

टोळीत गिताबाई नावाची केंदूरची बाई होती. मराठ्याची, अर्ध्या एकराची मालकीण, तोंडानं फटकळ. दोघी चार-पाच वर्षं शेजारी बसून निवडत आल्या होत्या आणि एकमेकींच्या डब्यातलं खात आल्या होत्या. आक्काबाई आता डबा घेऊन बांधावर लांब बसायला लागली. चार दिवस बघून गिताबाई उठली आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काय गं आक्का, आमच्या हातचं चालंना व्हय आता तुला?"

आक्काबाईला हसावं की रडावं कळेना. तिच्या सासूच्या कपाला इतक्या वर्षांनी हे असं उत्तर मिळत होतं. ती हसायला गेली आणि ठसका लागला. पदर तोंडाशी गेला तो लाल होऊन खाली आला. गिताबाई तिच्याजवळ खाली बसली.

"घरी ठावं हाय का?"

"टीबी न्हाई. बुरशी हाय छातीत. काजळी. कुनाला बोललीस तर माझं मेलेलं त्वांड बघशील."

गिताबाई कुणाला बोलली नाही. तेवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात पोटात ठेवली असेल, आणि तीच नेमकी ठेवायला नको होती. दोघीजणी लांब बांधावर जेवायला लागल्या, एवढाच काय तो फरक पडला.

असं दोन हजार पाचचा श्रावण उजाडेपर्यंत चाललं. त्या वर्षी हवा दमट आणि बराखी उशिरा फोडलेल्या. केंदूरच्या एका बराखीत निम्म्यावर माल काळा निघाला. पाटी ओतली की धूर निघाल्यासारखी भुकटी उठायची. दुपारी जेवण करून पुन्हा बसल्या तोच आक्काबाईनं हातातला कांदा खाली ठेवला, पुढं वाकली, आणि तोंडातून रक्त आलं ते थांबेचना. पुढ्यातला निवडलेला ढीग भिजला. गिताबाईनं बोंब ठोकली. मालकानं पिकअप काढली. पुण्याला पोचेपर्यंत गिताबाई तिला कुशीवर धरून बसली होती, आणि रस्ताभर एकच बडबड करत होती, माझं चुकलं, माझं चुकलं.

वॉर्डात रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत धार कमी झाली. सकाळी मांडीच्या शिरेतून नळी घालून रक्त फुटतं तिथली शीर बुजवू, असं ठरलं. सम्राट बाहेर फॉर्मवर सह्या करत होता. मोनाली गौतमीला कडेवर घेऊन दारात आली. तिला चाळीत कुणाकडं ठेवून यावं एवढा वेळच मिळाला नव्हता.

आक्काबाईनं पोरीला पाहिलं आणि उठायला गेली. नळ्या ताणल्या. "आत आनू नगा तिला! न्ह्या, भायेर न्ह्या! लागंल माझ्या पोरीला!"

सलाईन बघत उभी असलेली तरुण डॉक्टरीण वळली. "काय लागेल, आजी?"

"बुरशी." एवढं बोलायलाही तिला दम लागला. मोनालीपुढं तो शब्द आज पहिल्यांदा निघाला होता. "माझ्या छातीत बुरशी हाय. एकाची दुसऱ्याला धरती."

"कोण म्हणालं असं?" डॉक्टरीण खाटेजवळ आली. "आजी, ही माणसाकडून माणसाला लागत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही, जवळ झोपलं तरी नाही. हवेतून सगळ्यांच्याच नाकात थोडीफार जाते. तुमच्या फुफ्फुसात जुनी पोकळी होती, म्हणून तिथं तिला घर मिळालं. या बाळाला तुमच्यापासून काहीही होणार नाही. कधीच होणार नव्हतं."

आक्काबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. कांदा हातात घेऊन थांबायची तशी थांबली. मग तिनं विचारलं, "मांडीव घेतलं तरी?"

"मांडीवर घेतलं तरी."

अडीच वर्षं. चालायला लागली ती, बोलायला लागली ती, तापानं फणफणली होती ती, आणि दर खेपेला हात पुढं करून उभी राहिलेली. आक्काबाईनं हंबरडा फोडला नाही, तेवढा वारा तिच्या छातीत नव्हता. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं. मोनाली दारातच रडत होती. तिला आता एकेक गोष्ट उलगडत होती, भांडी, नळ, कांद्यातलं काम, सगळंच.

"आन तिला," आक्काबाई म्हणाली. "ये गं माझी बाय. ये आजीकडं."

मोनालीनं पोरीला खाली सोडलं. गौतमी साडेतीन वर्षांची होती, स्पष्ट बोलायची. ती जागची हलली नाही. आईचा पदर धरून म्हणाली, "नको. आजीचं गुडघं दुखत्यात."

शेवटी मोनालीनंच तिला उचललं आणि खाटेवर, पांघरुणावरून, आजीच्या मांडीवर बसवलं. आक्काबाईनं सलाईनचा हात तसाच ठेवून दुसरा तिच्या पाठीवर ठेवला. नखांत काजळी होती, त्या दिवशी लिंबानं घासायला वेळ मिळाला नव्हता. पोरगी अवघडून बसली, पाठ ताठ, हात स्वतःच्या मांडीवर. त्या मांडीची सवय तिला कधीच सुटली होती. आजीच्या छातीतली घरघर ऐकत ती थोडा वेळ बसली. मग आईकडं बघून तिनं विचारलं,

"आई, आता उतरू?"

सकाळची नळी घालायची वेळ यायच्या आत आक्काबाई गेली. पण त्या संध्याकाळी तिनं पाठीवरचा हात काढला आणि म्हणाली, "उतर, बाय."